अट घातलेला नवस

भजनाला जमलेल्या बायकांना मी ही गोष्ट सांगते, तेव्हा त्या हात जोडून "महादेवानं राखलं वो बाई" म्हणतात आणि माझी मान खाली जाते. कारण त्यांना मी अर्धीच सांगते. आज पूर्ण सांगते.

माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण ऑपरेशननं झालं. त्या वर्षी तिला धानाचा रोवणा करता आला नाही आणि चिखलात वाकून वाकून एकटीनं रोपं लावताना माझी कंबर गेली. माझी जीभ आधीच तिखट. "आमच्या वेळी कुठी होती अशी कापाकापी?" असं तिला येता-जाता ऐकवलं. दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलले: हिला चाकू न लागता मोकळी कर, वैनगंगेत बुडी मारून ओलेत्यानं तुझ्या दर्शनाला येईन. आमच्याकडे नवस फिटेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. मीही सांगितला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, "नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. पण कळांमध्ये गर्भपिशवीचा जुना टाका उसवू शकतो. म्हणून तारखेच्या आठ दिवस आधीच मोठ्या दवाखान्यात येऊन राहा. तिथं ऑपरेशनची तयारी असते." मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की तिथे गेलं की कापतात. पोराला म्हटलं, "अजून टाइम आहे."

पहाटे कळा सुरू झाल्या. पोरगा तलावावर जाळं ओढायला गेला होता. "आई, गाडी बोलवा ना," सून म्हणत होती. "खोट्या कळा आहेत," म्हणत मी तिला अंगणात फिरवत राहिले आणि मनात जप करत राहिले. असं करता करता ऊन डोक्यावर आलं.

तेवढ्यात टेम्पो घेऊन तलावाची मासळी न्यायला आलेली एक अनोळखी बाई पाणी मागायला दारात आली. बोलण्यावरून मुलचेऱ्याकडच्या, बंगाली निर्वासितांच्या गावातली वाटली. सुनेकडे निरखून पाहत तिनं मला विचारलं, "पहिला बच्चा ऑपरेशनवाला?"

"नाई," मी म्हटलं. हातात जपाची माळ असताना, बघा!

सुनेनं डोळे उघडले. "काऊन खोटं बोलता, आई? कळ गेली तरी टाक्यापाशी दुखूनच राह्यलं मले."

त्या बाईचा चेहराच बदलला. "मेरी बेटी को ऐसाच हुआ था," ती म्हणाली. "नहीं बची." पाणी न पिताच तिनं ड्रायव्हरला हाक मारली, टेम्पोतले मासळीचे डबे आमच्या अंगणात उतरवले, चादर अंथरली आणि आम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे नर्सनं विचारलं, "कळा कधीपासून?" मी म्हटलं, "आताच." ती बाई माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला रडू फुटलं. "पहाटेपासून, सिस्टर. मीच अडवून ठेवलं."

लगेच ऑपरेशन झालं. जुना टाका उसवायला लागला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हातच्या गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. नात उशिरा रडली, पण रडली. मी बाहेर येऊन पाहिलं तर ती बाई निघून गेली होती. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या पोरीचंही पहिलं बाळंतपण ऑपरेशननंच झालं होतं. ती आठ दिवस आधी येऊन राहिली होती. पोटावर बाळाचे ठोके मोजायचं मशीन लावून, डॉक्टर जवळ उभे असताना ती मोकळी झाली, टाका न लागता. ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी जे मागत होते, ते महादेवानं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून आधीच देऊ केलं होतं, आणि मी कान बंद करून त्यालाच अटी घालत बसले होते.

तिसऱ्या दिवशी सुनेला नवसाचं सांगितलं. ती लेकीला थोपटत होती. तशीच म्हणाली, "देवाले सांगितलं, आई. मले काऊन नाई विचारलं?"

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय ओढून घेतले.

आता देवापुढे बसते ती काही न मागता. त्या बाईसाठी हात जोडते आणि उठते. सून अजून माझ्याशी मोजकंच बोलते, आणि ते बरोबरच आहे. पण पोरीला पाजताना ती कधी कधी हसते, ते मला दाराआडून दिसतं. महादेवा, माझ्या लायकीपेक्षा हे पुष्कळ आहे.