नेल्डाच्या सीटखाली

थर्मासचं झाकण खाली पडलं म्हणून नेल्डा पील वाकली, सीटखाली हात घातला, आणि झाकणाऐवजी हाताला ओळखीचं फडकं लागलं. निळ्या चौकड्यांचं, भांडी पुसायचं. सोडून बघायची गरजच नव्हती. गाडी व्हर्जिनियात पार निम्म्यावर आली होती.

"काय गं, काय झालं?" गाडी चालवता चालवता लॉनीनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"काही नाही. कंबर धरली."

"म्हातारी झालीस."

"आणि तू काय, काल जन्मलास?" ती म्हणाली खरी, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. लॉनीच्या ते लक्षात आलं नाही. एरवी तरी याच्या काय लक्षात येतं म्हणा!

फडक्यात तिचं रिव्हॉल्व्हर होतं. छोटंसं, आखूड नळीचं, पाचही गोळ्या भरलेलं. सकाळी निघताना लॉनीनं दारात उभं राहून विचारलं होतं, "तुझं बहिणीकडं दिलंस ना? मेरीलँडात आपला परवाना चालत नाही हं." ती म्हणाली होती, "दिलं रे बाबा, किती वेळा विचारशील?" दिलं नव्हतं. जाता जाता देऊ, असं मनात होतं. तेवढ्यात मुलीचा, मिस्टीचा, फोन आला आणि बोलता बोलता हातानं रोजचं काम करून टाकलं. दुकानातल्या गल्ल्याखालच्या खणातून पुरचुंडी काढली, गाडीत सीटखाली सारली. फोन ठेवला तेव्हा नेल्डाच्या डोक्यातून ते सगळं पुसूनही गेलं होतं.

तिचं सगळं आयुष्य मिलर्स लँडिंगच्या त्या दुकानात गेलेलं. उत्तर कॅरोलायनात नदीकाठी गळ, दोऱ्या, बर्फ, उकडलेल्या शेंगा आणि मासेमारीच्या अळ्या विकायचं दुकान. अळ्यांचा फ्रिज आणि खाण्याचा फ्रिज शेजारी-शेजारी, नवीन गिऱ्हाईक कायम चुकीचा उघडायचं आणि नेल्डा हसत सुटायची. तोंडानं फटकळ बाई, पण उधारीवर गळ न्यायला सगळं गाव तिच्याकडेच. एका संध्याकाळी दुकान बंद करताना एक जण सुरा घेऊन आत शिरला. तिला अळ्यांच्या फ्रिजपाशी पालथं झोपवलं आणि मानेवर पाय देऊन गल्ला रिकामा केला. बुटाचा तो वास अजून तिच्या नाकातून गेलेला नाही. लॉनीनं दुसऱ्याच आठवड्यात हे रिव्हॉल्व्हर आणून दिलं. तेव्हापासून दिवसा गल्ल्याखाली, रात्री उशीपाशी आणि गाडीत सीटखाली, त्याची जागा ठरलेली. तिला ते आवडायचं अशातला भाग नाही. पण चष्मा विसरला की कसं चुकल्या-चुकल्यासारखं होतं, तसं तिला त्याच्याशिवाय व्हायचं.

आता सांगून टाकावं, तिनं ठरवलं. तोंड उघडलं. तर लॉनी शीळ घालत होता. आणि तिला तो डॉक्टर आठवला.

मिस्टी त्यांची एकुलती एक मुलगी, बाल्टिमोरला शिक्षिका. दोन्ही किडन्या गेलेल्या. उद्या पहाटे लॉनीची एक किडनी तिला द्यायची होती. सगळ्या तपासण्या झालेल्या, फक्त एक गोष्ट डॉक्टरांनी चार-चारदा बजावलेली. याचं ब्लडप्रेशर चढायला नको. चढलं तर ऑपरेशन पुढं ढकलणार, आणि मिस्टीकडं ढकलायला वेळ उरला नव्हता. महिनाभर नेल्डानं त्याला मीठ दिलं नव्हतं, बातम्या दाखवल्या नव्हत्या, भांडणसुद्धा फारसं होऊ दिलं नव्हतं. आणि आता याला सांगायचं, की तुझ्या बायकोनं तुझ्याशी खोटं बोलून भरलेलं रिव्हॉल्व्हर लाल राज्यात आणलंय?

लाल म्हणजे लॉनीच्या नकाशातलं लाल. दर शनिवारी अग्निशमन केंद्रात तो हत्यार बाळगायच्या परवान्याचा वर्ग घ्यायचा. मिस्टीच्या जुन्या खडूंनी रंगवलेला देशाचा नकाशा भिंतीवर लावायचा. हिरव्या राज्यात आपला परवाना चालतो, लालमध्ये चालत नाही. "आणि पोलिसानं अडवलं तर?" तो विचारायचा, नि अख्खा वर्ग ओरडायचा, "दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच खाली, पहिलं वाक्य हत्याराचं!" मागे कॉफी ओतत उभी असलेली नेल्डा कंटाळून डोळे फिरवायची. या माणसाला लपवाछपवी जमतच नव्हती. तिच्या वाढदिवसाची भेटसुद्धा आदल्या दिवशी सांगून मोकळा व्हायचा.

मेरीलँडात नेणाऱ्या पुलाच्या अलीकडे, शेवटच्या पेट्रोलपंपावर, लॉनीनं गाडी थांबवली. आता त्याची पूजा सुरू झाली, दुसरा शब्द नाही. कमरेचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं, नळीत बोट घालून पाहिलं, पेटीत ठेवून कुलूप लावलं. गोळ्या बिस्किटांच्या डब्यात वेगळ्या. मग डिकीत दोन्ही वस्तू अगदी कोपऱ्यात रेटून ठेवल्या आणि झाकण धाडकन आपटलं. किल्ली खिशात.

"बघ," तो म्हणाला, "एवढं सोपं असतं. तरी लोक तुरुंगात जातात. कशामुळं?"

"आळसामुळं," नेल्डा म्हणाली. हे उत्तर तिला पाठ होतं.

"शाब्बास! नाडी बघ माझी. कशी शांत चालली आहे."

तिनं खरंच त्याचं मनगट धरलं. शांत होतं. तिच्याच बोटांत ठोके पडत होते. सांग, सांग, सांग, ती स्वतःला म्हणत होती, आणि तोंडातून निघालं, "मी जरा बाथरूमला जाऊन येते."

मोठी पर्स घेऊन, त्यात पुरचुंडी कोंबून ती गेली. कचऱ्याच्या डब्यात टाकून द्यावं, की सुटले. डब्याचं झाकण उचललं. आत लहान मुलांचे डायपर, चॉकलेटचे कागद. बाहेर दोन पोरी आईशी हुज्जत घालत रांगेत उभ्या होत्या. भरलेलं रिव्हॉल्व्हर इथं टाकायचं? उद्या एखाद्या पोरीच्या हातात पडलं तर? गोळ्या काढाव्यात म्हणून तिनं फडकं सोडायला घेतलं, पण गाठ काही सुटेना. वर दारावर थापा. "अहो, किती वेळ?" नेल्डानं झाकण खाली टाकलं आणि पर्स छातीशी धरून परत आली. गाडीत बसली आणि पुरचुंडी पुन्हा सीटखाली गेली. दीड-दोन तासांचा तर प्रश्न, तिनं मनाची समजूत घातली. एवढ्या गाड्या जातात, आपल्यालाच कोण अडवतंय? बाल्टिमोरला पोहोचू, उद्या ऑपरेशन होऊ दे, मग सांगू आणि खाऊ शिव्या.

पूल लागला. खाली पोटोमॅकचं रुंद, राखाडी पाणी. लॉनीनं कठड्यापलीकडं बघत म्हटलं, "इथं मासे काय असतील गं!" नेल्डा पाटीकडं बघत होती. मेरीलँडमध्ये आपलं स्वागत आहे. तिच्या पायांना सीटखालची उष्णता जाणवायला लागली, आता भरलेलं हत्यार काही गरम नसतं, पण तिला जाणवली हे खरं.

आणि मग मागे निळे दिवे लागले.

"अरेच्चा," लॉनी म्हणाला. "वेगात तर नाही मी."

वेग नव्हताच. ब्रेकचा डावा दिवा लागत नव्हता. डिकीत त्या दिव्याची वायर सैल होती, आणि लॉनीनं कुलूपबंद पेटी नेमकी तिच्यावर रेटली होती.

पोलीस खिडकीशी आला. तरणाबांड, नाकावर उन्हानं लाल झालेला, आवाजानं सौम्य. दिव्याचं सांगितलं, लायसन्स मागितलं. तेवढ्यावर भागलं असतं. ताकीद देऊन सोडलं असतं त्यानं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण लॉनीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, काच खाली, आणि देवा रे, नेल्डाला कळलं आता काय येणार ते.

"सर, मी उत्तर कॅरोलायनाचा परवानाधारक आहे. माझं पिस्तूल डिकीत आहे. रिकामं, कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या."

इथं हे न विचारता सांगायची काही गरज नव्हती. पण लॉनीला जन्मभराची सवय. पोलिसाचा चेहरा बदलला. तो एक पाऊल मागे सरला, खांद्यावरच्या रेडिओवर काहीतरी पुटपुटला. दुसरी गाडी येऊन मागे उभी राहिली.

"सांगितलंत ते बरं केलंत. गाडीत आणखी काही हत्यार?"

"नाही सर," लॉनी ठामपणे म्हणाला. "मी हेच शिकवतो लोकांना. हवं तर बघा की सगळी गाडी. आमचं काही लपलेलं नाही."

दोघांना खाली उतरवून रस्त्याच्या कडेला गवतात उभं केलं. पोलिसानं आधी डिकी पाहिली. मान डोलावली. लॉनीनं नेल्डाकडं बघून भुवया उडवल्या, बघितलंस? तिला रडू फुटायच्या बेतात होतं. पोलीस पुढं आला, तिच्या बाजूचं दार उघडलं. आता तो वाकणार. सापडल्यावर पहिला प्रश्न लॉनीला, कारण गाडी त्याची, शब्द त्याचा. "नाही सर" हे त्याचंच. बेड्या त्याला. आणि बाल्टिमोरात मिस्टी, हाताला सुया लावलेली, दाराकडं डोळे लावून.

"साहेब, थांबा!" नेल्डा ओरडली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "माझ्या सीटखाली आहे. फडक्यात. माझं आहे. भरलेलं आहे, जपून हात लावा. याला काही ठाऊक नाही. मी याच्याशी खोटं बोलले."

पोलीस जागीच थांबला. लॉनीनं तिच्याकडं पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही, मग हळूहळू कळलं, आणि त्याचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"नेल्डा, काय हे... तू दिलं म्हणालीस..."

"म्हणाले. मागाहून भांडू."

फडकं सुटलं, रिव्हॉल्व्हर उन्हात आलं, गोळ्या मोजून पिशवीत गेल्या. लॉनी अचानक पुढं झाला. "सर, ऐका. ते माझं आहे. मीच ठेवलं. ती मला वाचवायला..."

त्याच्या आयुष्यातलं पहिलं खोटं ते, आणि एखाद्या पोराला पटणार नाही इतकं वाईट बोलला.

"लॉनी पील, गप्प बैस!" नेल्डा कडाडली. पोलीससुद्धा दचकला. मग ती आवाज उतरवून म्हणाली, "अरे शहाण्या, मला अटक झाली तर कुणाचं काय अडतंय? दुकान बहीण बघेल. तुझ्याकडची किडनी मात्र तुझ्याकडंच आहे. साहेब, उद्या पहाटे हा आमच्या मुलीला किडनी देतोय. याला सोडा. काय करायचं ते माझं करा."

पोलिसानं लॉनीकडं पाहिलं, दुसऱ्या पोलिसाशी बाजूला जाऊन बोलला. बराच वेळ. लॉनीनं हॉस्पिटलचा नंबर दिला, त्यांनी फोन लावून खात्री केली. मग तो परत आला, नजर चुकवत म्हणाला, "सर, तुम्ही जाऊ शकता. दिवा दुरुस्त करून घ्या. मॅडम, हात मागे करा."

बेड्या थंड होत्या. पोलीस तिचं डोकं सांभाळून तिला मागच्या सीटवर बसवत होता. लॉनी गाडीपाशी उभा, किल्ली हातात, काही केल्या बसेना. त्याचा श्वास जोरात चालला होता. ते बघून नेल्डाचा जीव खालीवर झाला. एवढं सगळं करून जर याचं ब्लडप्रेशर चढलं, तर हे सगळं कशासाठी?

"लॉनी!" तिनं उघड्या दारातून हाक मारली. "इकडं बघ. हळू श्वास घे. घेतोयस का?"

त्यानं मान हलवली.

"चाळीसच्या वर गाडी नेऊ नकोस. मिस्टीनं विचारलं तर सांग, आई मागून येतीय. डबा मागं आहे, त्यातलं चीजचं सँडविच खाऊ नकोस, त्यात मीठ आहे, ते मी माझ्यासाठी केलं होतं. आणि रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, कळलं का?"

"कळलं," लॉनी म्हणाला. त्याचे गाल ओले झाले होते, पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"मग जा ना बाबा. ती वाट बघतीय."

लॉनीची गाडी हलली, डावा दिवा तसाच बंद. नेल्डा काचेतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. बेड्यांतले हात मागे आवळले होते, सीटखाली काही नव्हतं, पुढं अनोळखी माणूस बसला होता. त्या बुटाचा वास आता येईल असं तिला वाटत होतं, पण तो आला नाही.

"साहेब," ती पुढच्या सीटमागच्या जाळीपाशी सरकून म्हणाली, "उद्या ऑपरेशन झालं की मला कोण सांगेल?"

पोलिसानं आरशात तिच्याकडं पाहिलं.

"मी स्वतः येऊन सांगेन, मॅडम," तो म्हणाला.