शिंपीकाकांच्या झाडाचा सत्कार

“घरात प्यायला पाणी नाही आणि बादली निघाली रस्त्यावरच्या झाडाकडे! जावईच करून घ्या त्याला!” शिंपीकाकूंचा हा आवाज एकदा भिंतीपलीकडे शेजारणीने ऐकला होता. काका म्हणाले, “जावयासारखं रुसत तरी नाही गं ते.”

काकांच्या म्हातारपणी, झाड वाढवलं म्हणून, नगरपालिकेला त्यांचा उमाळा आला. सत्कारात साहेबांचे बूट मळू नयेत म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, खोडात खिळे ठोकून काकांच्या नावाची पाटी लावली. टाळ्या झाल्या. पाणी मुरायला बोटभर माती उरली नाही.

सकाळी काका पहार घेऊन निघाले.

“अहो, सरकारी सिमेंट आहे ते!” काकू ओरडल्या.

“पाटी माझ्या नावाची आहे ना?”

काकांनी आळं मोकळं केलं आणि नेहमीसारखं पाणी घातलं. त्यांच्या हातचं ते शेवटचंच; त्या रात्री काका गेले.