साडभाऊंची हिरवी रेघ

कुरखेड्याच्या माझ्या साडभाऊंनी तालुक्यातली झाडून सगळी लग्नं जगाला दाखवली आणि स्वतः त्यातलं एकही पाहिलं नाही. लग्न, भजन, कबड्डी, जे असेल ते लोकांच्या मोबाईलवर थेट दाखवायचं, हा त्यांचा धंदा. त्याचा सर्व्हर मागच्या खोलीत असतो आणि घरातला एकुलता एक कूलरही तिथेच. मे महिन्यात आम्ही पाहुणे घामाने निथळतोय आणि मशीन गारव्यात! मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "तुमाले गरम झालं तं तुमी सांगता तरी. त्याले बोलता येते का?"

चित्र ते कधीच बघत नाहीत. त्यांची नजर दुसऱ्याच पडद्यावर. मशीन किती तापलं, ताण किती आला, आणि प्रत्येक पाहणाऱ्याच्या नावापुढे एक रेघ. चित्र नीट पोचलं तर हिरवी, अडकलं की लाल. लाल दिसली की यांचा जीव खालीवर. कबड्डीची फायनल संपल्यावर मी विचारलं, कोण जिंकलं? "ते मले काय मालूम? पन पूर्ण मॅच हिरवी गेली!" पंगतीत वाढतानाही हे पाहुण्याला विचारणार, "अटकून तं नाई राह्यलं ना?" बिचारा पाहुणा घास घशातच धरून मान हलवतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच पोरीचं, सोनूचं लग्न निघालं. साडभाऊंचे थोरले भाऊ एटापल्लीला असतात, कंबर मोडल्यापासून अंथरुणावर. सोनूला त्यांनीच खांद्यावर खेळवून मोठं केलेलं. त्यांना हे लग्न दिसलं पाहिजे, एवढं एकच साडभाऊंच्या डोक्यात. आम्हा नवरा-बायकोला म्हणाले, "कन्यादान तुमी दोघं करा. हे काम दुसऱ्याले नाई जमत." आणि मांडवामागे टेबल मांडून बसले.

अंतरपाट धरला आणि एटापल्लीची रेघ लाल झाली. तिकडचं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं! मशीन सगळ्यांना एकच चित्र पाठवतं, म्हणून या गृहस्थाने सगळ्यांचंच चित्र अंधुक करून हलकं करून टाकलं. लगेच नागपूरच्या काकांचा फोन, "अरे, नवरी दिसूनच नाई राह्यली!"

"शालू तं दिसते ना? भागवा तेवढ्यावर."

मेहुणी कडाडली, "अवो, पोरीच्या लग्नात तरी डोस्कं वर करा!"

"काऊन चिल्लावते? दादाचं अटकून राह्यलं!"

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. रेघ हिरवी झाली होती, पण साडभाऊंची मान खालीच.

पाठवणीला सोनू पाया पडायला वाकली. त्यांनी खांद्याला धरून तिला कॅमेऱ्याकडे वळवलं. "पयले तिकडं. दादा पाहून राह्यला."

तिने हात जोडले. "मोठे बाबा, येतो मी."

रेघ हिरवीच राहिली. तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून पोरीकडे पाहिलं. डोळे असे भरले होते की त्यांनाही ती नागपूरच्या काकांना दिसली तेवढीच अंधुक दिसली असणार.