हिरवा ठिपका

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. लग्न होऊन मुरुमला आले तेव्हापासून बघते, आत्या लिंगाला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असतं. भाकरीचा पहिला तुकडा असो, चहाचा कप असो की तापाची गोळी, तळहातावर घेऊन छातीशी न्यायची, डोळे मिटायचे, मगच खायची. मी बेंबळीची, माहेरी एवढं कडक काही नव्हतं, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. नवीन होते तेव्हा खोकल्याच्या औषधाचं झाकण त्यांनी असं छातीशी धरलेलं बघून मी नवऱ्याला म्हणाले होते, देवालाही खोकला झालाय का? नवरा हसला नाही. पुढं मीही हसायचं सोडलं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या मिनिटात घर जरा गप्प व्हायचं, ते मला आवडायला लागलं होतं.

साठी उलटली तसे आत्यांचे गुडघे गेले. पूजेला त्या पहाटे धाबळी अंथरून तासभर मांडी घालून बसायच्या, ते बंद झालं. बसलं तर उठता येईना, उठवायला दोघं लागायची. शेवटी नवऱ्यानं प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. डाव्या तळव्यावर लिंग घेऊन त्या खुर्चीत बसायला लागल्या, पण मन लागेना. "खुर्चीत बसून पूजा म्हंजी तलाठ्यावानी वाटतंय," असं एकदा म्हणाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तर एकच शब्द, "बेडा." नको म्हणजे नकोच. आत्या कन्नडमध्ये गेल्या की वाद संपला असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांना खाली बसता यावं, एवढंच मला हवं होतं. गुडघे पळायला लागावेत अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

जाहिरात मला फोनवर दिसली. पेपर तपासून डोळे चुरचुरत होते आणि अंगठा आपला वर-वर सरकत होता. सांधेदुखीवरच्या कॅप्सूल, सगळी झाडपाल्याची, साइड इफेक्ट नाही. एक हसऱ्या म्हातारीचा फोटो, जिना चढतानाचा. खाली लोकांनी लिहिलेलं, आईला फरक पडला, सासऱ्यांना फरक पडला. आठवीला भेसळीचा धडा मीच शिकवते. तिखटात विटेची पूड, दुधात पाणी, हळदीत रंग, सगळं मुलांकडून घोकून घेते. आणि बाटलीच्या फोटोवर बोटं ताणून मोठं करून मी शोधलं काय, तर हिरवा ठिपका. चौकटीत हिरवा ठिपका होता. खाली बारीक अक्षरात 'वनस्पतिजन्य कॅप्सूल' असंही होतं. मी लगेच मागवली.

ठिपकाच का शोधला, तर आत्या तेवढंच विचारणार हे मला ठाऊक होतं. आणि तो ठिपका त्यांना शिकवला होता मीच. त्यांना अक्षरओळख बेताची. एसटीची पाटी वाचतात, बारीक अक्षर नाही. पुड्यातली बिस्किटं घरात यायला लागली तेव्हा त्या हात लावेनात. यात काय घातलंय कुणास ठाऊक, म्हणायच्या. मग मी त्यांना जवळ बसवून दाखवलं. चौकटीत हिरवं गोल असलं की शाकाहारी, तपकिरी असलं की नाही, आणि खोटं छापलं तर सरकार सोडत नाही. शेवटचं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं होतं. आत्यांना ते फारच पटलं. दुकानात जाऊन "ठिपका दाव" म्हणायला लागल्या. आमच्या दुकानदाराला तर त्यांनी मिठाच्या पुडीवरही ठिपका शोधायला लावला.

बाटली आली त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून आधी ठिपका बघितला, त्यावर बोट टेकवलं, मग कॅप्सूल तळहातावर घेतली, लिंगाला दाखवली आणि गिळली.

आठ दिवसांत आत्या खाली बसल्या. पहाटे मी चहा ठेवायला उठले तर खुर्ची भिंतीला लावलेली आणि आत्या धाबळीवर मांडी घालून बसलेल्या. पूजा झाल्यावर एका हाताचा रेटा देऊन आपल्या आपण उठल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले.

पुढचे काही महिने माझे फार कौतुकाचे गेले. आत्या गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, सुनेनं आणलेलं औषध. इतक्या वर्षांत त्यांनी माझी शेंगाची चटणी सोडून कशाची तारीफ केली नव्हती. त्या सास्तूरला बहिणीकडं जाऊन आल्या. दोघी बहिणी अख्खी दुपार जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, हे मला तीन वेळा सांगितलं. मी मनातून फुगले होते. बाटली संपायच्या आत दुसरी मागवायचे.

त्यांचा चेहरा गोल होत चालला होता तो मला दिसत होता. बायका म्हणाल्या, आत्या अंगानं भरल्या, मी म्हटलं, खाणं लागतंय. हाताला जरा काही लागलं की जांभळे डाग पडायचे. मी म्हटलं, वयच झालं. पाणी फार प्यायला लागल्या. मी म्हटलं, ऊन केवढं आहे. पोराच्या वहीत चूक समोर दिसावी आणि आपण पान उलटावं, तसं मी प्रत्येक वेळी पान उलटलं. मला त्यांचं खाली बसणं हवं होतं आणि ते चालू होतं.

मग एकदा पार्सल यायला उशीर झाला. दोन-तीन दिवस कॅप्सूल नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्या ओट्याला धरून उभ्या होत्या त्या तिथंच खाली गेल्या. उलट्या, अंगात त्राण नाही, डोळे उघडेनात. रिक्षात घालून उमरग्याला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, औषधं काय चालू आहेत. आत्या पडल्या पडल्या म्हणाल्या, काही न्हाय, झाडपाला हाय नुसता. मी पिशवीतून रिकामी बाटली काढली. डॉक्टरांनी ती फिरवून फिरवून बघितली, आत्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, हातावरच्या डागांकडं बघितलं. साखर चारशेला टेकली होती. सकाळच्या रक्ताची एक तपासणी करायला लावली आणि अहवाल आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, यात स्टेरॉईड मिसळलेलं असणार, असे पेशंट माझ्याकडं येत असतात. त्यानं दुखणं थांबतं, गुडघा बरा होत नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉईड तयार करायचं विसरतं, म्हणून आता एकदम बंदही करता येणार नाही. मी मोजून गोळी देतो, हळूहळू कमी करू. मग सहज विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांनी बाटली माझ्या हातात परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी जी धावपळ केली ती सांगायचाही आता कंटाळा येतो. बाटलीवरचा नंबर लागला नाही. पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. जिथून मागवली तिथं तक्रार टाकली तर उत्तर आलं की वस्तू परत करायची मुदत संपली आहे आणि आपल्या समाधानाला आम्ही महत्त्व देतो. चार दिवसांनी ते पानच गायब झालं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. दोन आठवड्यांनी तीच म्हातारी तोच जिना चढत होती, बाटलीचं नाव तेवढं बदललं होतं. जिल्ह्याच्या गावी अन्न-औषध खात्याच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब भले होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोडलेली बाटली चालत नाही हो, कुणीही म्हणेल की तुम्हीच काही घातलं. मग त्याच लोकांकडून मी आणखी एक बाटली मागवली, सील न फोडता नेऊन दिली. अहवाल येईल तेव्हा येईल. दर महिन्याला फोन करते, ते मला आता आवाजावरून ओळखतात.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. आत खोटं, पत्ता खोटा, मग कॅप्सूलचं बाहेरचं टोपण तरी खरंच झाडपाल्याचं कशावरून? उशिरा आलेल्या त्या पार्सलची बाटली नवऱ्यानं आल्या आल्या फोडली होती, ती तशीच पडून होती. तिच्यातल्या दोन कॅप्सूल मी शाळेत नेल्या. मुलं गेल्यावर प्रयोगशाळेत बसले. लोकर आणि सुती धागा जाळून फरक दाखवायचा प्रयोग मी दर वर्षी घेते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागदाचा. कॅप्सूल उघडून पूड कागदावर ओतली, रिकामं टोपण चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर नेलं. ते आकसलं, काळं झालं आणि वास आला. केस जळाल्याचा. दुसरं जाळलं, तोच वास. जनावराच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन होतं ते. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही हे मला कळतं, पण माझ्यापुरता विषय मिटला. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. दिवसाला दोन म्हटलं तरी त्यांनी किती वेळा तो तळहात छातीशी नेला असेल, ते मोजायला माझं मन धजेना.

नवरा म्हणाला, औषध वाईट निघालं एवढं सांग, टोपण कशाचं ते सांगू नको. तिला माहीत नाही तोवर तिचं काही बिघडत नाही. मला ते पटलं. पटायला सोपंच होतं.

आत्यांना जरा ताकद आल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. सांगितलं की त्यात बाहेर न लिहिलेलं औषध घातलं होतं, त्यानं तुम्हाला त्रास झाला, चूक माझी आहे, मी बघून घ्यायला हवं होतं. त्यांनी ऐकलं. रागावल्या नाहीत. हातावरच्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"मंग ठिपका?"

वर्गात चाळीस पोरं काहीही विचारतात, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग मी टोपणाचंही सांगितलं. वास आला तेही सांगितलं. म्हटलं, आत्या, तुम्हाला कुठं माहीत होतं, पाप असलं तर छापणाऱ्याचं आणि माझं.

त्या उठल्या. खुर्चीचा हात धरून, हळूहळू, कारण दुखणं परत यायला लागलं होतं. आंघोळ केली. करंडा उघडून लिंग धुतलं, विभूती लावली. त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि मला जेवायला लावलं. मला त्यांनी शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

आता आठ-नऊ महिने झाले. डॉक्टरांची ती गोळी कमी करत करत संपली. साखरेची मात्र मागं लागली, ती आता कायमची. आत्या परत खुर्चीत आहेत. धाबळी घडी घालून कपाटात गेली. आठवीला ठिपक्याचा भाग मी यंदाही शिकवला. पुस्तकात आहे, शिकवावा लागतो.

मध्यंतरी एका सकाळी मी साखरेची गोळी आणि पाणी घेऊन गेले. आत्यांनी आधी पदर पुढं ओढला, करंडा झाकला, तोंड जरा भिंतीकडं केलं आणि गोळी तशीच गिळली. मग लक्षात आलं की हे आजचं नाही, बरेच दिवस चाललंय. बिस्किट त्यांनी सोडलंच होतं, मला वाटलं होतं साखरेमुळं.

मी म्हणाले, "आत्या, ही डॉक्टरांनी दिलेली आहे. मेडिकलमधून मी स्वतः आणली. दाखवा की."

"भाकर दावते ना," त्या म्हणाल्या. "जवारी आपल्या डोळ्यासमोरची हाय. पुड्यातलं न्हाय दावत आता. एक डाव त्याला नगं ते दावलं म्या, तुझ्या ठिपक्यावर भरवसा ठिवून. मला फसवलं तर फसवू दे, माझं काय ऱ्हायलंय. त्याला परत फसवायची न्हाय."

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी पेला रिकामा करून माझ्या हातात दिला आणि करंड्यावरचा पदर बाजूला केला.