लाइन आली का बघ

"ए ठाकर, हात लाव. बघ लाइन आली का."

आमचा ठेकेदार मला म्हणाला. दहिवलीच्या पुढं एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर वायरिंगचं काम चालू होतं. टेस्टर खाली टेंपोत राहिलेला. आणायला जिना उतरावा लागला असता. एवढंच. म्हणून माझं बोट.

मी लावलं. दहावी झालेला गडी मी, वेडा नाय. पण ठेकेदारानं सांगितलं की करायचं, हे अंगात भिनलेलं. झटका खांद्यापर्यंत गेला. भिंतीवर आपटलो. बंगल्याचा शेठ दचकला. ठेकेदार हसला, "काय होत नाय शेठ. जंगलातली माणसं ही. कातडी जाड असते यांची." मग शेठही हसला. एसी कधी चालू होणार ते विचारून गेला. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाय.

रात्री वाडीवर जेवायला बसलो तर भाकरी मोडता येईना. बोटं वळतच नव्हती.

"काय झालं रं हाताला?" आईनं विचारलं. सांगितलं. तिनं माझी भाकरी कुस्करून दिली. मग म्हणाली, "ठेकेदाराचा पोरगा बी येतो ना कामाला? त्याला सांगितलं असतं का रं?"

नसतं सांगितलं. पोराच्या हातात पक्कड, टेस्टर. माझ्या हातात छिन्नी-हातोडा. इतकी वर्षं मी नुसत्या भिंती फोडल्या आणि घरी सांगायचो, काम शिकतोय. शिकतोय, डोंबल!

दुसऱ्या दिवशी परत तेच. "लाव हात."

"नाय लावणार. टेस्टर द्या."

"टेस्टरला अक्कल लागते. आयटीआय केलाय का तू?"

"नाय केला. करतो."

छिन्नी तिथंच टाकली नि चालत घरी आलो.

लोकांनी अक्कल शिकवली. कुणी म्हणालं, आयटीआयची दोन वर्षं कशाला, वायरमनचा छोटा कोर्स कर. कुणी म्हणालं, ठेकेदाराचे पाय धर, हाताखाली राहूनच माणूस शिकतो. अरे, हाताखालीच तर होतो!

आयटीआयला नंबर लागला. इलेक्ट्रिशियन. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, चालू तारेला उघडा हात लावायचा नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. पहिल्या दिवसाचा धडा हा. ठेकेदाराला काय ठाऊक नव्हता?

रविवारी वीटभट्टीवर जातो. सोमवारी वर्गात डोळे मिटतात. पोरं मला काका म्हणतात.

परवा भिसेगावात ठेकेदारानं टेंपो थांबवला. "काय रं, फिटली का हौस? ये परत. माणूस कमी हाय." मागं आमच्याच वाडीचा एकजण बसलेला. त्याला म्हटलं, "उतर." त्यानं मान खाली घातली. घरी खाणारी तोंडं हायत त्याच्या. त्याच्यावर राग नाय माझा.

थकलोय मी. खरंच थकलोय. नापास झालो तर परत परीक्षा देईन. पण त्या टेंपोत पुन्हा चढणार नाय, आणि मागं बसलेल्या त्या वाडीवाल्यालाबी खाली उतरवल्याशिवाय राहणार नाय.