डावा दिवा वाढला

श्रावणातला तिसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण कल्याण पश्चिमेला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. खर्चासाठी ठरवलेली रक्कम सहाशे रुपये. हजर होतो मी, माझे यजमान, माझ्या सासूबाई आणि दुकानदार. गाडी दुकानासमोर उभी होती.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली, डाळिंबी रंगाची, बुटकी. तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती आणि सोमवारी परिवहन कार्यालयात तिची तपासणी होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालणार, नाही तर भंगारात. माझ्या हिशेबाने भंगारच परवडत होतं आणि मी ते घरात बोलूनही दाखवलं होतं. पण सासूबाईंच्या गुडघ्यांचा हिशेब वेगळा होता. हल्लीच्या गाड्या उंच. नातेवाइकांच्या गाड्यांत त्यांना बसवून पाहिलं. एकीत चढल्या, पण उतरता येईना, तेव्हा चहा गाडीतच नेऊन द्यावा लागला. या एका गाडीत त्या दार उघडून, पाठमोऱ्या होऊन, पाटावर बसल्यासारख्या बसतात. आणि दर एकादशीला त्यांना डोंबिवलीहून कोपरीला जायचं असतं, थोरल्या बहिणीकडे. मावशींना फोनवर काही ऐकू येत नाही. समोर बसून, ओठ बघून कळतं. "गाडी गेली की आमचं बोलणं संपलं," एवढंच सासूबाई एकदा म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या. त्यानंतर मी भंगाराचा विषय काढला नाही.

गाडीचं बाकी सगळं ठीक होतं. फक्त डावा हेडलाइट लागत नव्हता आणि धुक्याचे दोन्ही दिवे, ज्यांना फॉग म्हणतात, बंद होते. डोंबिवलीत धुकं पडत नाही, धूळ पडते. पण सासऱ्यांनी ते हौसेने बसवून घेतले होते, आणि जे बसवलंय ते चालू पाहिजे, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

दुकानात मी विचारायची आणि दुकानदार यजमानांना उत्तर द्यायचा. तिशीचा होता, हसतमुख.

"साध्या बल्बचं काय घेता?" मी विचारलं.

"काका, साधा नका घेऊ," तो यजमानांना म्हणाला. "डायमंड व्हाइट आहे, मिल्की व्हाइट आहे, आइस ब्लू आहे. आजकाल सगळे व्हाइटच टाकतात."

यजमानांना गाडी चालवता येत नाही. ते शांतपणे म्हणाले, "हिला सांगा."

"काकू चालवतात? अरे वा," असं त्यांनाच म्हणून त्याने डब्या काउंटरवर मांडल्या.

डब्या मांडल्या म्हटल्यावर सासूबाई पुढे सरकल्या. त्यांना स्टूल दिलं. पुढची वीस मिनिटं ते दुकान साड्यांचं झालं.

"हा जरा निळसर वाटतो. यात फिकट नाही?"

"आहे ना, आजी. हा बघा, वॉर्म."

"हा पिवळा झाला. डाळिंबीवर पिवळा भडक दिसेल. मोतिया नाही का?"

"मोतिया म्हणजे मिल्की. एक नंबर चॉइस."

"आणि धुक्याचे?"

"फॉगला पिवळाच घ्यायचा, आजी. पांढरा धुक्यात परत डोळ्यावर येतो."

"काठ वेगळा म्हणायचा," सासूबाई म्हणाल्या, आणि ते त्यांना पटलं. मग दोन बल्ब उचलून त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, हे जरा बाहेर उन्हात नेऊन बघ. दुकानातल्या दिव्यात रंग फसवतो."

मी दोन बल्ब घेऊन रस्त्यावर आले आणि उन्हात धरून पाहिले. न लागलेले दोन बल्ब, कल्याणच्या भर रस्त्यात, सूर्यासमोर. एक माणूस थांबला आणि त्यानेही पाहिले. "उजवीकडचा बरा आहे," तो म्हणाला आणि गेला. मी आत येऊन तसं सांगितलं.

शेवटी हेडलाइटला मी साधाच बल्ब घ्यायचं ठरवलं, साठ वॉटचा, कंपनीने लावला होता तसा. आणि एकच. दुकानदार म्हणाला, हेडलाइट जोडीने बदलतात. मी म्हटलं, उजवा चालू आहे, आणि चालू वस्तू मी बदलत नाही. किंमत दोन दुकानांत विचारल्याशिवायही मी काही घेत नाही, म्हणून "आलेच," म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात चौकशीला गेले.

इथे सासूबाईंच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. त्यांच्या तोंडी अशुभ शब्द येत नाही. त्यांची बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा तर विझतही नाही आणि जातही नाही, तोही वाढतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "देवाजवळचा दिवा वाढलाय, बघ जरा," आणि ज्योत मोठी झाली असं समजून मी नीट न बघताच वात आत सारून आले होते. घरात धूर झाला होता. आता मला सवय झाली आहे. दुकानदाराला नव्हती.

मी नसताना झालेलं बोलणं यजमानांनी मला नंतर शब्दशः सांगितलं.

"आजी, काकू गेल्या वाटतं. मग करायचं काय?"

"डावा वाढलाय, बाळा. तेवढं बघ."

"डावा वाढवायचा?"

"वाढलाय. आणि धुक्याचेही वाढलेत, दोन्ही."

"तीन वाढवायचे. आणि उजवा?"

"उजवा नाही वाढला. देवाच्या दयेने तो आहे तसा आहे."

"उजवा आहे तसा ठेवायचा. कन्फर्म ना, काका?"

यजमान म्हणाले, उजवा आहे तसाच ठेवायचा, हे बरोबर.

"तुम्ही मध्ये का बोलला नाहीत?" मी त्यांना पुढे विचारलं.

"जे विचारलं त्याचं उत्तर दिलं की," ते म्हणाले.

मी परत आले तेव्हा बल्ब बसवून झाले होते. पलीकडच्या दुकानात दहा रुपये जास्त सांगितले होते, त्यामुळे मी समाधानात होते. इथला आकडा मात्र सहाशेवरून साडेसातशेवर गेला होता. दुकानदार म्हणाला, "आजींनी सांगितलं तसं केलं, काकू." मला वाटलं, रंगाचा फरक असेल. गाडीचे दिवे लावले. यजमान पुढे उभे राहिले.

"डावा लागला?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

भर दुपार होती. मी पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. रविवारी गाडी काढली नाही.

सोमवारी सकाळी निरीक्षकांनी गाडी छपराखाली अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी करायला सांगितली. मागे यजमान आणि माझ्या शेजारी सासूबाई होत्या. त्या आल्याच होत्या. गाडीचा निकाल त्यांना घरी बसून ऐकायचा नव्हता. मी दिवे लावले. भिंतीवर उजवीकडे चिमणीएवढा पिवळा डाग पडला आणि डावीकडे मांडव उजळावा तसा उजेड. खाली धुक्याच्या दिव्यांनी जमीन पिवळीधमक केली.

निरीक्षक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. ते थोडा वेळ भिंतीकडे आणि मग गाडीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ही गाडी डोळा मारतेय," ते म्हणाले. त्यांनी डाव्या दिव्याच्या मागचं झाकण उघडून बघायला लावलं. "शंभरचा बल्ब. हा चालत नाही. कोणी वाढवला?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तेव्हा सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, कोणी कशाला वाढवेल? तो आपला आपण वाढला."

"आपला आपण?"

"हो. शिळफाट्याजवळ. आधी जरा लुकलुकला, आणि वाढला."

"आजी, बल्ब चालता चालता वाढत नाही."

"न वाढायला काय झालं? पंधरा वर्षं जळतोय. आमच्या स्वयंपाकघरातला तर दर सहा महिन्यांनी वाढतो."

"दर सहा महिन्यांनी."

"गेल्या दिवाळीत तर नवा आणला आणि लावल्या लावल्या वाढला. मग दुकानदाराने बदलून दिला."

निरीक्षकांनी पेन खिशाला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर, हा प्रकार कोणत्या रकान्यात लिहावा, असा प्रश्न होता. आता मला सगळं कळलं होतं, आणि मी तोंड उघडणार तोच सासूबाईंचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, "साहेब, माझी बहीण कोपरीला असते. तिला फोनवर ऐकू येत नाही. या गाडीशिवाय मला कुठे बसता येत नाही. वाढला त्यात गाडीचा काय दोष? तुमच्या घरी बांगडी वाढली तर हात टाकून देता का?"

निरीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "वाढला म्हणजे... गेला?"

"शुभ बोलावं माणसाने," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोनच्या आत दोन्ही साठचे लावून आणा. एकसारखे, जोडीने. फॉगचेही साधे. आलात तर आजच बघतो, नाहीतर परत तारीख घ्यावी लागेल." आणि जाता जाता, "दुकानात तुम्ही बोला, बाई. आजींना बोलू देऊ नका."

आम्ही त्याच दुकानात गेलो. सासूबाईंना मी गाडीतच बसायला सांगितलं. त्यांनी काच खाली घेतली. दुकानदार सगळं ऐकून घेऊन यजमानांना म्हणाला, "काका, मी तीनदा विचारलं."

"दोनदा," यजमान म्हणाले.

वाढीव बल्ब त्याने परत घेतले, तेही कुरकुर न करता. साठचे दोन लावले, म्हणजे चालू असलेला उजवा बल्ब मी आयुष्यात पहिल्यांदा बदलला. तो डबीत घालून मी गाडीच्या खणात ठेवला आहे. सगळं झाल्यावर सासूबाई खिडकीतून हाक मारून म्हणाल्या, "अरे बाळा, इथे जवळ नारळ कुठे मिळेल? काम झालं की वाढवायचाय."

दुकानदाराने हातातला पाना खाली ठेवला. "काकू," या वेळी तो सरळ माझ्याशी बोलला, "नारळ वाढवायचा म्हणजे मोठा घ्यायचा का?"

दोनला वीस मिनिटं असताना भिंतीवर दोन सारखे डाग पडले. निरीक्षकांनी सही केली. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा अधिकार वाढो." ते जरा दचकले.

त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी आम्ही तिथूनच कोपरीला गेलो. कळव्याच्या पुलावर गाड्यांची रांग होती आणि आभाळ भरून आलं होतं, म्हणून मी दिवे लावले. यजमान मागून म्हणाले, "दोन्ही लागलेत." मी विचारलं नव्हतं.

मावशी दारातच बसल्या होत्या. सासूबाई आधी पाय बाहेर काढून गाडीतून उतरल्या, त्यांच्या समोर बसल्या आणि तोंड मोठं करून पहिलं वाक्य म्हणाल्या, "डावा दिवा वाढला होता." मावशींनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग बदललात ना?"

बल्बच्या दुकानदाराला वरखाली जाऊन अखेर सहाशे तीस रुपये गेले. त्यानंतर, कोपरीच्या नाक्यावरच्या नारळवाल्याला पस्तीस. तो नारळ यजमानांनी गाडीसमोर वाढवला.