देवरावभाऊंची नदी

स्कॅनरच्या काचेवर धूळ बसताना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं की कळतं. आमच्या स्टुडिओतल्या किश्श्यांचंही तसंच! मामांपासून चालत आलेला हा स्टुडिओ. वर्ध्यात आता फोटो काढून घ्यायला कोण येतं? सगळ्यांच्या खिशात कॅमेरा. येतात ते जुने फोटो मोठे करून घ्यायला, आणि मग बाकावर बसून त्यांत आपलं गाव शोधत राहतात.

बाकावरचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे आंजी गावचे देवरावभाऊ. सत्तरी ओलांडलेली. त्यांच्याकडे आईचा एकच फोटो. आई उभी, तिचा पदर धरून चार वर्षांचे देवराव, मागे नदी, घाटाच्या पायऱ्या, काठाला लागलेली नाव. आई त्याच वर्षी गेली. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढाच त्यांचा ध्यास.

"धाम नदीच आहे हे! पवनारले दोनदा काठानं फिरून आलो. पायऱ्याच भेटून नाई राह्यल्या."

येईल त्याच्यापुढे फोटो धरायचे. "ओळखता का जी?"

*

एक निवृत्त शिक्षिका बाजाराच्या रस्त्याचा फोटो घेऊन आल्या. मी तो स्क्रीनवर मोठा केला, अजून मोठा केला. रस्ता जिथे वळतो तिथे बाईंनी बोट ठेवलं.

"आता जरा उजवीकडे सरकव, बेटा."

"बाई, फोटो इथंच संपतो."

"अरे, वळलं की तिसरं घर आमचं! इथवर आलोच आहो, त जाऊन येऊ ना!"

मी उगाच माउस सरकवला. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, वळण येईल!

*

एका कापडवाल्या शेठजींना दुकानाचे 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे होते. जुना फोटो जिथून काढला होता ती जागा आज नेमकी भर चौकात! मी कॅमेरा लावला आणि शेठजी हात पसरून रस्त्यात उभे राहिले.

"दोन मिनिटं थांब गा! जुना फोटो काढून राह्यलो!"

ऑटोवाला म्हणाला, "जुना काढून राह्यले त मी काऊन दिसीन त्यात? जाऊ द्या मले!"

*

एक जोडपं पाडलेल्या घराचा फोटो रंगीत करून घ्यायला आलं. नवरा म्हणे भिंत पिवळी, बायको म्हणे हिरवी. अर्धा तास झाला तरी भिंत काही रंगेना. शेवटी बाकावरून देवरावभाऊ म्हणाले, "अर्धी अर्धी करून द्या."

दोघंही एकदम त्यांच्यावर उलटले, "आमचं घर आहे ते!"

*

यंदा दिवाळीच्या सफाईत माळ्यावर कापडाची एक जाडजूड गुंडाळी निघाली. मामांच्या वेळची. उलगडली तर काय! नदी. पायऱ्या. काठाला नाव. फोटोच्या मागे लावायचा रंगवलेला पडदा!

दोन दिवस फोन करायचा धीर झाला नाही. माणसानं या वयात काठ पालथे घातले, आणि मी सांगू की नदी कापडाची आहे? वाईट वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कसंबसं म्हणालो, "भाऊ, जागा सापडली."

पहिल्या एसटीनं आले. धुतलेलं धोतर, नवा सदरा.

"चाल, कुठं जा लागते?"

"कुठंच नाही," म्हणालो आणि पडदा सोडला.

देवरावभाऊ पडद्याच्या अगदी जवळ गेले. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून फोटो काढला. आई कुठं उभी होती ते नीट हेरलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, धोतर जरा वर धरलं आणि माझ्याकडे वळले.

"हात देजो बापा. पायऱ्या ओल्या असतीन."